वस्तीतल्या मांजरांना मदत करायचीय? आधी मोजा, मग वाडगा भरा

एक मांजर रोज दाराशी येऊन बसतं. आपण त्याला काहीबाही खायला घालतो. वर्षभरात तिथे सहा-सात मांजरं दिसू लागतात, रात्री बोक्यांची भांडणं सुरू होतात, जिन्यात उग्र वास येतो, शेजारी कुरकुरतात आणि एखादं पिल्लू गाडीखाली जातं. बहुतेकांची मांजरसेवा अशी वाडग्यापासून सुरू होते आणि इथेच अडकते. पुढे दिलेला क्रम वेगळा आहे. आधी मांजरं ओळखायची आणि मोजायची, मग त्यांची नसबंदी करायची. वाडगा या सगळ्याच्या जोडीला असतोच, पण पकडायची सोय व्हावी म्हणूनही त्याचा वापर करायचा.

नसबंदीवर एवढा भर का, ते आकड्यांतून कळतं. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे आपण जिला पिल्लू समजत असतो ती स्वतःच आई होते. गर्भ साधारण 63 ते 65 दिवसांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावर 1949 मध्ये उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाच मांजरं नेली होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या तीन हजारांवर गेली आणि बेटावरच्या समुद्रपक्ष्यांचा फडशा पडू लागला. वस्तीत इतकी वाढ होत नाही, कारण बरीचशी पिल्लं मोठी होण्याआधीच रोगानं, अपघातानं नाहीतर उपासमारीनं मरतात. नुसतं खायला घालत राहिलं, की जन्म आणि मृत्यू दोन्ही वाढतात.

माणसाळलेलं की बुजरं?

रस्त्यावरचं प्रत्येक मांजर एकाच जातकुळीचं असलं, तरी त्यांचे दोन गट पडतात आणि दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी असते. एक गट हरवलेल्या किंवा सोडून दिलेल्या मांजरांचा. ती कधीतरी घरात राहिलेली असतात. दुसरा गट उघड्यावर जन्मलेल्या, माणसाचा हात न लागलेल्या बुजऱ्या मांजरांचा. हा फरक पडतो वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेवढ्या दिवसांत पिल्लाला माणसाचा सहवास मिळाला तर माणूस त्याला आपला वाटतो. नाही मिळाला तर माणूस म्हणजे शिकारी, ही गाठ मनात पक्की बसते आणि मोठेपणी ती सहसा सुटत नाही.

काही दिवस लांबून बघा. शेपटी उभी करून जवळ येणारं, डोळ्याला डोळा देणारं, तुमच्याकडे बघून म्याव करणारं मांजर बहुधा माणसाळलेलं असतं. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेली आहे. बुजरं मांजर जमिनीलगत दबून चालतं, आवाज काढत नाही, तुम्ही लांब गेल्याशिवाय वाडग्याला तोंड लावत नाही आणि अंधार पडल्यावर जास्त दिसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. पिंजऱ्यात सापडलेलं मांजर कसं वागतं यावरून निर्णय देऊ नका. लाडात वाढलेलं मांजरसुद्धा भीतीनं फिस्कारतं, जाळीवर झेप घेतं. शांत, झाकलेल्या जागी दोन-तीन दिवस ठेवल्यावर खरा स्वभाव कळायला लागतो.

मांजर माणसाळलेलं निघालं तर आधी त्याचा मालक शोधा. आसपास फोटो दाखवा, दवाखान्यात नेऊन अंगात मायक्रोचिप आहे का ते तपासून घ्या. मालक सापडला नाही तर त्याला दत्तक घर शोधायचं. बुजऱ्या मोठ्या मांजराला घर शोधायच्या फंदात पडू नका. प्रेमानं सगळं जमतं असं वाटतं खरं, पण घरात कोंडलेलं बुजरं मांजर महिनोन् महिने पलंगाखाली काढतं. त्याचं घर बाहेर आहे, त्याच्या ओळखीच्या जागेत.

वही काढा

आता मोजणी. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा आणि दोन आठवडे नोंद करा: रंग, खुणा, नर की मादी, साधारण वय, लंगडणं, जखमा. फोटो काढाच, कारण चार काळी मांजरं आठवणीत एकच होऊन बसतात. काळा आणि केशरी हे दोन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमीच मादी असतं. पूर्ण केशरी मांजरांत नर जास्त, पण तिथे पैज लावू नका. गालफडं फुगलेली, मान जाड, कान फाटलेले दिसले की तो नसबंदी न झालेला बोका समजावा.

मांजरीच्या पोटाकडेही नजर ठेवा. सड गुलाबी, ताणलेले आणि भोवतीचे केस गेलेले असतील तर पिल्लं जवळपास कुठेतरी आहेत. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

कान बघायला विसरू नका. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे. भूल असतानाच कानाचं साधारण एक सेंटिमीटर टोक काढतात, बऱ्याच ठिकाणी डाव्या कानाचं. लोकांना हे क्रूर वाटतं. माझ्या मते तसं नाही. लांबून, रात्रीही दिसेल अशी दुसरी खूण नाही. गळ्यातला पट्टा फांदीत अडकून फास लागू शकतो. आणि खूण नसेल तर तीच मांजरी पुन्हा पकडली जाते, पुन्हा भूल, पुन्हा पोटावर सुरी.

मोजणी करताना कळेल की तुमच्यासारखेच आणखी कुणीतरी या मांजरांना खायला घालतंय. त्यांना गाठा. पकडायच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं वाडगं भरून ठेवलं तर तुमचा दिवस फुकट गेलाच म्हणून समजा. ज्यांना मांजरांचा त्रास होतो त्यांच्याशीही याच वेळी बोला. वाद घालू नका, फक्त नेमकी तक्रार काय ते विचारा. रात्रीचा आरडाओरडा, भिंतीवर मूत्राची फवारणी, बोक्यांच्या मारामाऱ्या, पिल्लांचा सुळसुळाट यांतलं बरंचसं नसबंदीनंतर कमी होतं. नसबंदी झाल्यावर त्रास कमी होणार, हे ऐकल्यावर विरोध करणारा माणूसही कधीकधी पिंजरा उचलायला हात लावतो.

पिंजऱ्याआधी दवाखाना

नवखी माणसं उत्साहात आधी मांजर पकडतात आणि मग डॉक्टर शोधत फिरतात. तारीख हातात असल्याशिवाय पिंजरा लावू नका. पशुवैद्यांना फोनवरच विचारून घ्या: बुजरं मांजर पिंजऱ्यातूनच घेता का, विरघळणारे टाके घालता का (टाके काढायला ते मांजर पुन्हा हाती लागणार नाही), भूल असतानाच रेबीजची लस आणि पिसवांचं औषध देता का, जास्त वेळ टिकणारं वेदनाशामक देता का, कानाची खूण करता का. आयत्या वेळी चारऐवजी दोनच मांजरं आली तर चालेल का, हेही विचारा. तसं होतंच.

पिल्लांची नसबंदी साधारण दोन महिन्यांची आणि किलोभर वजनाची झाल्यावर करता येते, मात्र त्याचा अनुभव असलेला डॉक्टर हवा.

पकडण्याचा दिवस

हातानं पकडायला जाऊ नका, पोत्यात घालायला जाऊ नका, जाळं टाकून पाठलाग करू नका. मांजराला इजा होते, तुम्हाला चावा बसतो आणि ते मांजर पुन्हा महिनाभर तोंड दाखवत नाही. जाळीचा पिंजरा वापरा. आत पट्टी असते, तिच्यावर पाय पडला की मागचं दार बंद होतं. प्राणीमित्र संस्था असे पिंजरे बऱ्याचदा वापरायला देतात.

आधीचे तीन-चार दिवस पिंजरा उघडा बांधून ठेवा, दार पडणार नाही असा, आणि खाणं त्याच्या तोंडाशी, मग हळूहळू आत सरकवत न्या. आदल्या दिवशी मोठ्या मांजरांचं खाणं बंद ठेवा. पाणी चालू राहू द्या. उपाशी मांजर पिंजऱ्यात येतं, आणि भूल देतानाही पोट रिकामं लागतं. पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची रक्तातली साखर झटकन उतरते. त्यांच्यासाठी डॉक्टर सांगतील तेवढाच वेळ.

पिंजरा सपाट जमिनीवर, भिंतीच्या किंवा झुडपाच्या कडेला ठेवा. डगमगला तर मांजर पहिलं पाऊल टाकूनच मागे फिरतं. तळाला वर्तमानपत्र पसरा. तीव्र वासाचा मासा पट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवा आणि त्याचा थोडा रस दारापासून आतपर्यंत शिंपडा. पलीकडे ठेवायचं कारण असं, की खाण्यापर्यंत पोचायला मांजराला पट्टीवर पाय द्यावाच लागतो. मग लांब जा, पण पिंजरा नजरेआड होऊ देऊ नका. पिंजरा लावून झोपायला जाणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार. अडकलेल्या मांजरावर कुत्री तुटून पडतात, ऊन येतं, पाऊस येतो, नाहीतर एखादा खोडसाळ माणूस येतो.

दार पडलं की लगेच संपूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाका. आतली धडपड बघून नव्या माणसाला रडू येतं. अंधार झाला की बहुतेक मांजरं मिनिटाभरात शांत होतात. त्याच्याशी गोड बोलायला, जाळीतून बोट घालायला जाऊ नका, त्याला तुमचा धीर नकोय. चादर थोडी वर करून कान कापलेला नाही ना एवढं बघा. कापलेला असेल तर तिथेच सोडून द्या.

काही मांजरी महा हुशार असतात आणि पिंजऱ्याला वळसा घालून जातात. त्यांच्यासाठी दोरी ओढून टाकायचा खोका-पिंजरा मिळतो. तोही नसेल तर आठवडाभर काहीच करू नका, तिला विसरू द्या, मग जागा आणि खाणं बदलून बघा. हाती येईल त्या मांजरापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण निवड असेल तर माद्या आधी. एक नसबंदी न झालेला बोका राहिला तरी तो दहा माद्या गाभण करू शकतो, त्यामुळे फक्त बोके केले तर पिल्लांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही.

पिल्लं अंगावर असलेली मांजरी सापडली तर? पिल्लं कुठे आहेत माहीत असेल आणि ठेवायला जागा असेल तर आईसकट सगळ्यांना आणा आणि पिल्लं दूध तोडेपर्यंत आईची शस्त्रक्रिया थांबवा. पिल्लांचा पत्ताच लागत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. नसबंदीनंतरही तिचं दूध सुरू राहतं. पूर्ण शुद्धीवर आली की तिला लवकरात लवकर सोडायचं.

शस्त्रक्रियेनंतर

भुलीतून बाहेर येताना मांजराला शरीराची उष्णता राखता येत नाही. म्हणून जागा बंदिस्त, कोरडी, उबदार, शांत, आणि पिंजरा जमिनीवर. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय मोठ्या मांजरासमोर खाणं ठेवू नका. थोडं रक्त, थोडी गुंगी चालते. रक्त थांबत नसेल, श्वास कष्टानं येत असेल किंवा बराच वेळ जाऊनही मांजर उठत नसेल तर दवाखान्याला फोन लावा. बोक्यांना साधारण दुसऱ्या दिवशी सोडता येतं, मांजरींना एक ते दोन दिवस ठेवावं लागतं.

जिथे पकडलं तिथेच सोडा. दूरच्या बागेत, शेतात, बाजारात "तिथे मजेत राहील" म्हणून सोडणं म्हणजे बहुतेकदा त्याला मरायला सोडणं असतं. पाण्याची, लपण्याची जागा माहीत नाही, तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत, आणि बरीच मांजरं जुन्या जागेच्या ओढीनं निघून रस्त्यात मरतात. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत खाणं तसंच असतं, त्यामुळे नवी, नसबंदी न झालेली मांजरं येऊन बसतात. इमारत पडणार आहे अशी अडचण असेल तरच जागा बदला, आणि तेव्हाही नव्या ठिकाणी दोन ते चार आठवडे बंदिस्त ठेवून मगच मोकळं करा.

बोक्याकडून शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे गर्भ राहू शकतो, तेव्हा त्या काळात एखादी मांजरी गाभण राहिली म्हणून डॉक्टरांवर चिडू नका.

हे सगळं खरंच चालतं का? अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात 1991 पासून हा प्रयोग झाला, आणि त्याचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा वर्षांत तिथे एकूण 155 मांजरं नोंदली गेली, आणि 2002 मध्ये आवारात 23 उरली होती. मात्र त्या 155 पैकी जवळपास निम्म्यांना घरं मिळाली होती. म्हणजे नसबंदीइतकाच वाटा माणसाळलेली मांजरं आणि पिल्लं वेळेत घरी देण्याचाही आहे. आणि बारा मांजरांपैकी तिघांची नसबंदी करून थांबलात तर काहीच बदलणार नाही. निदान तीन चतुर्थांश तरी व्हायला हव्यात, त्याही थोड्या काळात.

आता वाडगा

ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दिवसाउजेडी. अर्ध्या तासात उरलेलं उचला आणि जागा पुसून घ्या. उरलेल्या खाण्यावर उंदीर, कुत्री आणि मुंग्या येतात आणि तक्रारीही तिथूनच येतात. पाणी मात्र दिवसभर ठेवा, खाण्यापासून थोडं लांब.

मांजर पूर्ण मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला आहारातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय निकामी होतं. म्हणून कुत्र्याचं खाणं, भात किंवा पोळी यावर मांजर पोसू नये. कांदा-लसूण असलेलं उष्टं तर विषच. आणि दूध? मांजर डोळे मिटून पितं खरं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी द्या.

थंडीच्या जागी निवारा करायचा तर दोन-तीन मांजरं दाटीनं बसतील एवढाच लहान खोका, जेमतेम अंग आत जाईल एवढं दार, जमिनीपासून थोडा वर, आणि आत कोरडा पेंढा. गोधडी, टॉवेल नको, ते ओल धरतात. जिथे ऊन हीच अडचण आहे तिथे सावली आणि पाणी पुरतं. खाण्याची जागा पक्ष्यांच्या घरट्यांजवळ नको. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. दुर्मीळ पक्ष्यांच्या अधिवासात तर मांजरांचा तळ टिकवणंच चूक आहे, तिथे वनखात्याशी बोलून वेगळा मार्ग काढावा लागतो.

एकटी दिसलेली पिल्लं

उचलू नका. निदान लगेच नको. आई शिकारीला गेलेली असते, किंवा तुम्ही तिथे उभे आहात म्हणून येत नसते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, त्या हलवाहलवीत एखादं पिल्लू तेवढ्यापुरतं मागे राहिलेलंही असेल. लांबून काही तास बघा. थांबणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती पिठाचं पातळ कडं करा, आई येऊन गेली तर पंजे उमटतात. पिल्लं गुबगुबीत आणि निवांत झोपलेली असतील तर आई आहे. मळकट, खोल गेलेल्या पोटाची, सारखी ओरडणारी, अंगाला गार लागणारी पिल्लं असतील, किंवा कुत्री, पाणी, रहदारी असा धोका समोर असेल तर मात्र थांबू नका.

उचललंत तर पहिलं काम ऊब, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि पिल्लू दगावतं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, सरकून लांब जायला जागा ठेवा. मग पिल्लांसाठीचं खास दूध पाजा, गाईचं नको. पोटावर ठेवून पाजा, जसं ते आईला पितं तसं. पाठीवर झोपवून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. पाजल्यावर ओल्या मऊ कापसानं हलकेच पुसावं लागतं.

वय ओळखायचं तर जन्मतः वजन 100 ग्रॅमच्या आसपास, डोळे पहिल्या ते दुसऱ्या आठवड्यात उघडतात, तिसऱ्यात पाय लटपटत चालतात, महिन्याभरानं वजन साधारण 400-450 ग्रॅम. रोज वजन करा. वजन वाढत नसेल तर उद्याची वाट न बघता डॉक्टरकडे.

तुमची स्वतःची काळजी

मांजराचे सुळे बारीक आणि लांब. जखम वरून ठिपक्याएवढी दिसते, आत जंतू खोल गेलेले असतात आणि एका दिवसात हात सुजतो. चावा किंवा ओरखडा बसला की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लशीचं विचारा. "छोटंसंच आहे" म्हणून टाळू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय राहत नाही. विष्ठा रोज उचला, हातमोजे घालून. मांजराच्या विष्ठेतून पसरणारे आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारे टोक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोजची सफाई हाच उपाय. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

घरातलं औषध मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेते. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषधही तसंच. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि काही होत नाही असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून सोडू नका, मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि हाती फार थोडा वेळ असतो. घरात मांजर असेल तर बाहेरच्यांना हाताळून आल्यावर कपडे बदला. पार्व्हो वर्गातला मांजरांचा विषाणू चपला-कपड्यांवरून घरी येतो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो.

सगळ्यांचे कान कापून झाले तरी वही बंद करू नका. खाण्याच्या वेळी रोज डोकी मोजा. न दिसणाऱ्याचा शोध घ्या. अखंड कानाचं नवं मांजर दिसलं की त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख घ्या. एकटं असताना त्याला पकडणं सोपं असतं, दोन महिन्यांनी त्याच कामाला पाच पिंजरे लागतात.